मातीचा वाटा

(आष्टी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

कडा, धानोरा, धामणगाव, दौलावडगाव, टाकळसिंग अशा गावांतून दिवसभराची कामं आटोपून इथं आलेल्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो,

आष्टी तालुक्यात उभं राहून पाण्याबद्दल बोलायचं नाही, तर कशाबद्दल बोलायचं? पाण्याबद्दल आपण पुष्कळ बोललो आहोत आणि पुढेही बोलावं लागेल. आज मात्र मला मातीबद्दल बोलायचं आहे. मातीबरोबर पऱ्हाटी, तुराट्या, धसकटं, सरमाड, सोयाबीनचं भुसकट, कांद्याची पात यांबद्दलही. म्हणजे पीक घरी आल्यावर शेतात आणि खळ्यावर मागे उरतं त्याबद्दल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पूर्वी खळ्यावर रास झाली की ज्याचा त्याचा वाटा काढला जायचा. सुताराचा, लोहाराचा, चांभाराचा. वाटा दिल्याशिवाय धान्य घरी जात नसे. त्या व्यवस्थेत अन्याय होता आणि ती गेली हे बरंच झालं. पण शेतीतला एक वाटेकरी या सगळ्यांच्याही आधीचा आहे आणि त्याचा वाटा आपण बंद केला आहे. तो वाटेकरी म्हणजे स्वतः जमीन. तिचा वाटा सुरू केल्याशिवाय कितीही बंधारे बांधले आणि कितीही लांबून पाणी आणलं, तरी ही जमीन उभी राहणार नाही. एवढंच सांगायला मी आलो आहे.

आधी हे बघू, की जमीन गेली कशी?

मायंबाला मच्छिंद्रनाथांच्या दर्शनाला आपण सगळेच जातो. पुढच्या वेळी तिथून परतताना थोडं थांबा आणि गर्भगिरीच्या उतारांकडे बघा. डोंगराच्या अंगावर माती किती उरली आहे? वर काळा कातळ, खाली मुरूम आणि मधे बोटभर माती, तीही खुरट्या गवताने धरून ठेवलेली. पायथ्याला बरड, नदीकाठी काळी. ही नदीकाठची काळी माती कुठून आली? ती वरूनच आली. निसर्गाने हजारो वर्षांत सावकाश आणली, त्याची तक्रार नाही. तक्रार गेल्या दोन-तीन पिढ्यांच्या वेगाची आहे.

साधा हिशोब करू. एक एकर रानावरून एक मिलिमीटर माती वाहून गेली, म्हणजे नखाच्या जाडीइतकी, तर ती किती होते? सुमारे पाच टन. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावणार नाही इतकी. शेतकऱ्याला ती गेलेली दिसत नाही. पुढच्या वर्षी रान थोडं जास्त कडक लागतं, एवढंच. दहा वर्षांनी दगड वर येतात आणि आपण म्हणतो, दगड वाढले. दगड वाढत नाहीत हो. माती निघून गेलेली असते.

आपल्याकडचा पाऊस कमी आहे, हे सगळे जाणतात. पण जमिनीच्या दृष्टीने तो कमी आहे यापेक्षा तो कसा पडतो हे महत्त्वाचं. महिनाभर दडी मारतो आणि मग दोन तासांत सगळं देऊन मोकळा होतो. उघड्या जमिनीवर तो टपोरा थेंब आपटला की मातीचे कण सुटतात, वरची छिद्रं बुजतात, पापडी धरते आणि मग पाणी मुरत नाही, पळतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पूर आले, सीना काठ सोडून वाहिली, पंचनाम्यांत 'जमीन खरडून गेली' हे शब्द पानापानावर आले. त्या वर्षी नुकसान डोळ्यांना दिसलं, म्हणून पंचनामा झाला. दर वर्षी मिलिमीटर मिलिमीटरने जाणाऱ्या मातीचा पंचनामा कोण करतो?

इस्रोने उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या निकृष्ट होत चाललेल्या जमिनींचा नकाशा केला. २०११-१३ च्या त्या पाहणीत देशाचं सुमारे २९ टक्के क्षेत्र या वर्गात मोडलं, आणि महाराष्ट्राचं सुमारे ४५ टक्के. हा आकडा ऐकून आपल्याला झोप कशी लागते, हे मला खरोखर कळत नाही.

इथं इतिहासाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती फारशी सांगितली जात नाही. सीनेच्या पलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा होता, अलीकडे निजामाचं राज्य. १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथं कानिटकर नावाच्या शास्त्रज्ञाने उतारावर किती माती वाहते हे मोजलं. बांध किती अंतरावर घालावेत, पाऊस कमी असला की पेरणी किती विरळ करावी, ओल कशी धरून ठेवावी, याची पद्धत बसवली. पुढे १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि त्याखाली बांधबंदिस्तीची कामं निघाली. हे सगळं नदीपलीकडे. तीच माती, तोच पाऊस, तीच ज्वारी, पण अलीकडच्या काठाला तो कायदा लागू नव्हता. निजामाच्या राज्यातून आपण सुटलो १९४८ मध्ये. आपल्याकडे बांधबंदिस्तीची मोठी कामं लोकांच्या स्मरणात आहेत ती १९७२ च्या दुष्काळातली. सुकडी खाऊन, खडी फोडून, टोपल्यांनी माती वाहून आपल्या आई-आजींनी ते बांध आणि पाझर तलाव उभे केले. ते आजही गावोगाव आहेत. फुटलेले असले तरी आहेत.

त्यानंतर आपण पाणी अडवायला शिकलो. समतल चर खणले, नाले खोल केले, श्रमदान केलं. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपची सुरुवात ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत आपल्या जिल्ह्यातलं अंबाजोगाई होतं. २०१७ मध्ये राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. तलावातला गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा. चांगली योजना. पण तो गाळ म्हणजे काय आहे? आपल्याच शेतातून गेलेली माती. ती आपण डिझेल जाळून, ट्रॉल्या भरून परत आणतो. परत आणावीच, त्यात वाद नाही. पण ती पुन्हा जाऊ नये यासाठी काय करतो?

आणि आता खुंटेफळ. उजनीचं पाणी शिंपोऱ्याहून उचलून खुंटेफळच्या साठवण तलावात येणार, तिथून तालुक्याला मिळणार. किती वर्षांची ही वाट! ते पाणी यावं, लवकर यावं. पण पाणी आलं की ऊस येईल, हेही आपल्याला माहीत आहे. आणि ज्या जमिनीत सेंद्रिय अंश उरलेलाच नाही, तिला भरपूर पाणी आणि भरपूर रासायनिक खत दिलं की तिचं काय होतं? त्याचं उत्तर शोधायला प्रयोगशाळेत जायला नको. नीरेच्या, प्रवरेच्या आणि कृष्णेच्या काठच्या क्षारपड जमिनी बघून या. पाण्याचा निचरा होत नाही, क्षार वर येतात, आणि पांढऱ्या पडलेल्या रानात लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही. म्हणून मी म्हणतो, पाणी येण्याआधी माती तयार झाली पाहिजे. नंतर नाही, आधी.

माती तयार करायची म्हणजे काय करायचं?

मातीचा जीव सेंद्रिय कर्बात असतो. त्याच्यामुळे कण एकमेकांना धरून राहतात, पाणी मुरतं, ओल टिकते, जिवाणू जगतात, खत पिकाला लागू होतं. आपल्या बरड रानांत त्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतं. उन्हाळा कडक, त्यात दर वर्षी ट्रॅक्टरची खोल नांगरट. जमीन उघडी पडते, तापते, आणि असलेला कर्ब हवेत निघून जातो.

हे प्रमाण नुसतं ०.१ टक्क्याने वाढवायचं म्हटलं तर काय लागेल? एका एकरात वरच्या सहा इंचांत सुमारे नऊ लाख किलो माती असते. तिचा ०.१ टक्का म्हणजे नऊशे किलो कर्ब. वाळक्या काडीकचऱ्यात कर्ब असतो सुमारे ४० टक्के, आणि त्यातलाही बहुतेक जिवाणू खाऊन श्वासावाटे सोडून देतात. जमिनीत टिकतो त्यातला सहावा-सातवा हिस्सा. म्हणजे एका एकराला साधारण पंधरा टन काडीकचरा लागला. आणि एका एकरातून पऱ्हाटी निघते किती? सुमारे एक टन.

हा आकडा मी तुम्हाला निराश करायला सांगत नाही. दोन गोष्टी पक्क्या कळाव्यात म्हणून सांगतो. पहिली, एका हंगामात माती सुधारून देतो असं कोणी बाटली हातात धरून सांगत असेल, तर त्याला हा हिशोब विचारा. दुसरी, एक एक काडी मोलाची आहे. बांधावर ढीग करून पेटवलेली पऱ्हाटी म्हणजे त्या शेताचं एक वर्ष जाळलं.

यावर आपल्या माणसांनी काम केलं आहे, आणि फार मोठं केलं आहे. आपल्या शेजारचं चौंडी, अहिल्यादेवींचं जन्मगाव. आष्टीहून जामखेडला जाणाऱ्याला चौंडी सांगावं लागत नाही. त्यांच्याच होळकर घराण्याच्या इंदूर संस्थानात १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ आला. संस्थानाने जमीन दिली, संशोधन संस्था उभी राहिली. विषय मुख्यतः कापसाचा. काळी माती, कापूस, तूर, ज्वारी, बैल: आपलंच चित्र. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिथं काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघालं आणि 'इंदूर पद्धत' आफ्रिकेपासून युरोपपर्यंत पोहोचली. आज जगभर सेंद्रिय शेतीच्या चळवळी हॉवर्डचं नाव घेतात. वाडांचं नाव आपण तरी घेतलं पाहिजे.

त्यांच्यापुढची अडचण आपल्यासारखीच होती. पऱ्हाटी आणि तुराटी लाकडासारखी कडक, लवकर कुजत नाही. तेव्हा यंत्रं नव्हती. मग त्यांनी काय केलं? ती पऱ्हाटी शेतावरच्या गाडीरस्त्यावर अंथरली. बैलगाड्या तिच्यावरून जात-येत राहिल्या. लोखंडी धाव आणि बैलांचे खूर यांनी ती चिरडली, फुटली, मऊ पडली. मग गोठ्यात जनावरांखाली पसरली, म्हणजे मूत्र मुरलं. नंतर शेण, राख, माती मिसळून खड्ड्यात थर आणि तीन वेळा पलटी. तीन महिन्यांत खत तयार. खर्च किती, तर जवळजवळ नाही. रस्ता होता, गाड्या होत्या, त्या तशाही जाणारच होत्या. शास्त्र म्हणजे असं, समोर आहे त्याच्याकडे नीट बघणं.

पण इंदूरला शेण मुबलक होतं. आपल्याकडे बैल गेले, ट्रॅक्टर आले. २०१९ च्या दुष्काळात आपण जनावरं छावणीत नेऊन जगवली, त्यानंतर अनेक दावणी रिकाम्या झाल्या. शेणखताच्या ट्रॉलीला आज काय भाव पडतो, ते मी सांगायला नको. शेण कमी आणि कचरा जास्त, अशा गावाने काय करावं?

त्याचं उत्तर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या एका गांधीवादी शेतकऱ्याने दिलं, नारायण देवतावजी पांढरीपांडे. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप'. ही टाकी सगळ्यांनी ऐकली आहे, पण नीट भरलेली टाकी मी फार थोड्या गावांत पाहिली. म्हणून जरा सविस्तर सांगतो, माफ करा.

दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचं बांधकाम, भिंतीत हवा खेळायला झरोके. आत आधी शेणपाणी शिंपडायचं. मग सहा इंच काडीकचरा. त्यावर सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात चार-पाच किलो शेण कालवून शिंपडायचं. त्यावर पन्नास-साठ किलो चाळलेली कोरडी माती, आणि पुन्हा पाणी. असे अकरा-बारा थर, टाकीच्या वर दीड फूट झोपडीसारखे चढवायचे आणि शेणमातीने लिंपून घ्यायचे. पंधरा-वीस दिवसांत ढीग आठ-नऊ इंच खाली बसतो, तो पुन्हा भरून पुन्हा लिंपायचा. भेगा पडू द्यायच्या नाहीत, ओल जाऊ द्यायची नाही. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत. आणि याला शेण लागलं किती? नव्वद ते शंभर किलो. एका गाईचं आठ-दहा दिवसांचं शेण! टाकी फसते कुठे? लोक माती घालत नाहीत, आणि पाणी कमी घालतात. माती घातली नाही तर ती टाकी नाही, कचराकुंडी होते. सगळ्या टाकीला दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं, हे खरं. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या वस्तीला ते परवडणार नाही. म्हणून टाकी भरायची ती पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या तोंडाला.

ज्याच्याकडे ऊस आहे, त्याचं काम आणखी सोपं आहे. एकरी तीन-चार टन पाचट शेतातच पडलेलं असतं. ते पेटवायचं नाही. सरीत पसरायचं. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यायचं. ही शिफारस जुनी आहे, सिद्ध आहे. तरी तोडणी झाली की रात्री रानं पेटलेली दिसतातच.

पऱ्हाटीच्या बाबतीत एक इशारा दिला पाहिजे. मी जपून ठेवा म्हणतो, याचा अर्थ बांधावर रचून ठेवा असा नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, ते कोणी विसरलेलं नाही. फरदड घेतली, पऱ्हाटी उन्हाळाभर रानात उभी ठेवली किंवा बांधावर रचली, तर अळीला पुढच्या हंगामापर्यंतचं घर मिळतं. तेव्हा डिसेंबरअखेर कापूस संपवायचा, पऱ्हाटी लगेच बारीक करायची आणि कुजवायची. अळीही गेली आणि खतही झालं. बारीक केलेली तशीच जमिनीत गाडली, तर मात्र ती कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेते आणि पुढचं पीक पिवळं पडतं. म्हणून आधी कुजवणं, किंवा गाडताना सोबत थोडं नत्र देणं.

आता वाटेकऱ्यांकडे येतो. काडीकचऱ्याला आपण टाकाऊ म्हणतो, पण दुष्काळी मुलखात खरोखर टाकाऊ असं काही असतं का? कडब्यावर जनावराचा हक्क. तुराटीवर चुलीचा, कुडाचा, छपराचा. ज्या माउलीच्या घरी सिलिंडर परत भरायला पैसे नाहीत, तिला पऱ्हाटी जाळू नको असं सांगायचा मला अधिकार नाही आणि तुम्हालाही नाही. पण आता नवा वाटेकरी आला आहे. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांनी कोळशात पाच टक्के शेतीतल्या अवशेषांच्या गोळ्या जाळाव्यात, असं धोरण केंद्र सरकारने २०२१ मध्ये ठरवलं. ते पंजाब-हरियाणासाठी समजण्यासारखं आहे. तिथं भाताचा पेंढा शेतातच पेटवतात आणि दिल्लीचा श्वास कोंडतो. पण आपल्या जिल्ह्यात परळीचं वीज केंद्र आहे. उद्या दारात ट्रक येईल, पऱ्हाटीला टनामागे रोख पैसे मिळतील आणि आपल्याला तो फायदाच वाटेल. पंजाबच्या जमिनीत आणि आपल्या बरडात फरक आहे. आमचा कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असताना तो परळीच्या भट्टीत घालायचा का? मी म्हणतो, घालायचा नाही. आधी जनावर, मग चूल, मग जमीन, आणि यातून उरलं तरच बॉयलर. हा क्रम प्रत्येक ग्रामसभेने आपापल्या गावासाठी ठरवावा आणि ठराव लिहून ठेवावा.

गायरानाबद्दल थोडक्यात बोलतो. शेतातला पाला पुरत नाही हे आपण मघाशी हिशोबात पाहिलं. उरलेला येणार कुठून? गायरानातून, डोंगरातून, बांधावरच्या गिरिपुष्पातून. हिवरे बाजारने चराईबंदी केली, म्हणजे जनावरं उपाशी ठेवली नाहीत. मोकळं चारणं बंद केलं आणि गवत कापून न्यायला मुभा दिली. गवत वाढलं, दूध वाढलं, शेण वाढलं. त्याच गावाने बोअरच्या पाण्यावर शेती आणि ऊस दोन्हींना नाही म्हटलं. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमारास नायगावच्या देवस्थानाची उजाड जमीन खंडाने घेऊन पाणी पंचायत सुरू केली, तीही अशाच उतारावर. बीडजवळ पालवणच्या माळावर सह्याद्री देवराईची झाडं उभी राहिली, २०२० मध्ये तिथं वृक्षसंमेलन भरलं. म्हणजे आपल्या जिल्ह्यातला माळही हिरवा होतो. लागतो तो गावाचा एकोपा, आणि गायरान कोणाच्याही घशात जाऊ न देण्याची हिंमत.

शेवटचा मुद्दा. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा आहे, आणि शेतीच्या चर्चासत्रांत तो कधी निघत नाही.

शेतकरी काडीकचरा का जाळतो? त्याला कळत नाही म्हणून? मुळीच नाही. त्याच्याकडे माणूस नसतो म्हणून. दसरा झाला की आष्टी, पाटोदा, शिरूरच्या वाड्यांमधून मुकादमाच्या ट्रका निघतात. उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, सोबत पोरं, भांडी आणि कोपीचं सामान. कापूस अजून अर्धा झाडावर असतो. तो म्हातारी माणसं वेचतात. जानेवारीत पऱ्हाटी काढून कुजवायची असते, तेव्हा या हातांनी कुठल्या तरी दूरच्या फडात ऊस तोडलेला असतो. तिथलं पाचट सोललेलं असतं, तिथली मोळी वाहिलेली असते. गुढीपाडव्याच्या आगेमागे माणसं परत येतात, थकलेली. समोर उभी पऱ्हाटी आणि तोंडावर मृगाची पेरणी. काडी ओढली की एका संध्याकाळी रान मोकळं होतं. त्यांना दोष कुठल्या तोंडाने देणार?

आणि ही माणसं जातात का? रान पिकत नाही म्हणून. रान का पिकत नाही? त्यात जीव उरला नाही म्हणून. जीव का उरला नाही? तो परत द्यायला हात गावात नाहीत म्हणून. हा फेरा कुठेतरी तोडावा लागेल, आणि तो 'शेतकऱ्यांनो, जाळू नका' असे फलक लावून तुटणार नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत गावात कोण असतं? म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, आणि बचत गटातल्या ज्या बायका तोडीला जात नाहीत त्या. तेव्हा मागणी अशी करू या. दर दोन-तीन गावांमागे पऱ्हाटी बारीक करणारं एक यंत्र असावं, आणि ते एखाद्या पुढाऱ्याच्या शेडमध्ये न पडता बचत गटाच्या ताब्यात असावं. तोडीला गेलेल्या कुटुंबाची पऱ्हाटी गटाने डिसेंबरअखेर काढावी, बारीक करावी, टाकीत भरावी आणि मजुरी म्हणून तयार खताचा ठरलेला हिस्सा घ्यावा. नाडेपच्या टाक्या रोजगार हमीच्या कामांतून आजवर बांधल्या गेल्या आहेत, तेव्हा ही काही जगावेगळी मागणी नाही. पाडव्याला माणूस घरी येईल तेव्हा त्याचं रान मोकळं असेल आणि बांधाशी दीड-दोन टन खत असेल. एका वर्षात त्याचा कोयता सुटणार नाही. पण पाच-सात वर्षं असं झालं, तर एखाद्या घरातली बाई म्हणू शकेल की यंदा आम्ही उचल घेत नाही.

या सभागृहात काही सरपंच बसलेले मला दिसत आहेत, आणि बचत गटांच्या ताई तर पुष्कळ आहेत. माझं भाषण संपलं की लगेच उठू नका. किती गावांत टाकी आहे, किती गावांत ती भरलेली आहे आणि यंत्र कोणत्या गावात ठेवायचं, एवढं बोलून घेऊ. माझ्याजवळ वही आहे. आधी कड्याकडच्या गावांनी सांगावं.